ज्युबिली, मादी, वय पंधरा

ज्युबिली गेली हे मला मंगळवारी सकाळी सव्वासातला कळलं. चहाच्या किटलीची शिट्टी वाजली आणि ती भुंकली नाही. चौदा वर्षं ती त्या किटलीवर भुंकत आली होती. मी गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत आलो. ती कोरालीच्या खुर्चीत, कोरालीच्या निळ्या स्वेटरवर पडली होती. हात लावला तर गार लागली.

मी शेजारच्या खुर्चीत बसून राहिलो. चहा राहूनच गेला.

कोराली माझी बायको. तिला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. ज्युबिली तिची कुत्री, माझी नव्हे. पांढरी माल्टीज, साडेतीन किलो, त्यातला एक किलो केसांचा. मी बंडाबर्गच्या साखर कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होतो. माझ्या हिशेबी कुत्रं म्हणजे गुरं वळणारं, निदान राखण करणारं. हिची कामं दोनच. कोरालीच्या मांडीवर बसायचं, आणि मी जवळ आलो की गुरगुरायचं. मी तिला पोछा म्हणायचो. कोराली म्हणायची, "डेस, तिला कळतं हं सगळं." कळायचंच. ती माझ्या चपलेत मुतायची.

कोराली गेल्यावर तीन दिवस ज्युबिली त्या खुर्चीतून खाली उतरली नाही. चौथ्या दिवशी उतरली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि उडी मारून माझ्या मांडीवर चढली. मी तिला एकदम आवडायला लागलो होतो अशातला भाग नाही. घरात दुसरी मांडी नव्हती.

तर त्या मंगळवारी मी टोपी घातली आणि ऑफिसात कळवायला निघालो. आमची वसाहत, पेलिकन व्ह्यू, साठीच्या पुढच्या लोकांची, छत्तीस घरांची. कुत्र्यांचे नियम दोन. राहायला येताना जे कुत्रं आणलं ते शेवटपर्यंत ठेवता येतं, पण ते गेलं की दुसरं आणायचं नाही. आणि घराबाहेर पडलं की कुत्रं उचलून घ्यायचं, खाली सोडायचं नाही. पायात येऊन कुणी पडलं तर खुब्याचं हाड मोडतं. त्यामुळे आम्ही सगळे बारशाला निघाल्यासारखे कुत्री कडेवर घेऊन हिंडतो.

दार उघडलं तर समोर शेजारची नोलीन पॅस्को. वय एक्याऐंशी. कडेवर तिचा पांढरा माल्टीज, स्किपर.

"किटली वाजली आणि भुंकणं ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "गेली का रे?"

"गेली."

तिने मला जवळ घेतलं. मधे स्किपर चेंगरला. मग तिचं लक्ष माझ्या टोपीकडे गेलं.

"कुठे निघालास?"

"ऑफिसात. कळवायला."

"आत हो."

"नोलीन, नियम आहे..."

"आत हो म्हटलं ना. आणि ती टोपी काढ."

तिने माझ्या स्वयंपाकघरात स्किपरला खाली सोडलं. "ह्याचं वय किती असेल, सांग."

"अठरा. आम्ही राहायला आलो तेव्हा तू बारा म्हणाली होतीस. त्याला सहा वर्षं झाली."

"तेव्हा त्याला दात किती होते?"

मी आठवलं. "चार असतील."

तिने स्किपरचा ओठ वर केला. तोंडभर दात. पांढरेशुभ्र.

"मला वाटलं, तू त्याला काहीतरी पौष्टिक घालतेस," मी म्हणालो.

"हा तिसरा स्किपर आहे, मठ्ठ माणसा!"

दहा मिनिटांत चार नंबरच्या घरातला मर्व्ह आला. नोलीनने फोन करून बोलावलं होतं. मर्व्हच्या कडेवर कर्नल, त्याचा पग. कर्नल चौथा निघाला. वसाहत सुरू झाली तेव्हा मर्व्ह पहिल्या कर्नलला घेऊन आला होता आणि फॉर्मवर अजून तोच चालू होता. दर जानेवारीत मॅनेजर बाई घरी येते, कडेवरचं कुत्रं बघते, वय विचारते, सही करते. आधीच्या मॅनेजर बाया दोन-दोन वर्षांत बदलायच्या, त्यांना काय कळणार. आताची टेगन सहा वर्षं टिकली होती.

"मी नाही हे करणार," मी म्हणालो. "कोरालीची कुत्री होती ती. तिच्या नावावर दुसरी आणून बसवू?"

"नको बसवू," मर्व्ह म्हणाला. "एकटा राहून बघ. दुसरा कर्नल गेला तेव्हा मी अकरा दिवस राहून बघितलं, लेका. बाराव्या दिवशी मी टोस्टरशी बोलत होतो."

"काय म्हणाला टोस्टर?" नोलीनने विचारलं.

"तुझ्यापेक्षा कमी बोलला."

मी त्यांना हो म्हटलं नाही. पण ऑफिसातही गेलो नाही.

ज्युबिलीचं काय करायचं हा प्रश्न होता. वसाहतीत जमीन खणता येत नाही. गावात जनावरांचं दहन एकाच दवाखान्यात होतं, आणि तिथे टेगनची बहीण कामाला. तिकडे नेली असती तर जेवायच्या वेळेपर्यंत टेगनला कळलं असतं. म्हणून मी तिला त्या निळ्या स्वेटरमध्येच गुंडाळलं, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. कुणी उघडून बघू नये म्हणून वर मोठ्या अक्षरात लिहिलं: "ख्रिसमसची कोळंबी. डेस."

कोरालीने मला शेवटच्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं. ज्युबिली जाईपर्यंत माझी राख घरात ठेव, मग दोघींची एकत्र करून बारगाराच्या खडकांवरून समुद्रात सोड. तिथे आम्ही लग्नाआधीपासून मासे धरायला जायचो. मी म्हणालो होतो, बरं.

मी नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी सकाळी किटली वाजली आणि मी स्वतःच तिला म्हणालो, "गप!" मग नोलीनचं दार वाजवलं.

मेरीबरोला एक बाई लेकीकडे राहायला निघाली होती आणि लेकीला कुत्रं नको होतं. नोलीनने गाडी काढली. माल्टीज, पाच वर्षांचा, केस, कान, नाक सगळं ज्युबिलीसारखं. मर्व्हने त्याला उचलून उलटं करून बघितलं आणि परत सुलटं केलं.

"नर आहे."

"कडेवर कोण बघतंय?" नोलीन म्हणाली.

"नाव काय ह्याचं?" मी त्या बाईला विचारलं.

"ब्रूटस," ती म्हणाली. साडेतीन किलोचा ब्रूटस येऊन माझ्या बुटावर बसला.

घरी आल्यावर मी त्याला गुलाबी रिबन बांधली, ज्युबिलीचीच. तो कोरालीच्या खुर्चीकडे गेला नाही, थेट माझ्या मांडीवर चढला. गुरगुरला नाही. मला अवघडल्यासारखं झालं. कुत्रं मांडीवर आणि गुरगुर नाही, ह्याची सवय नव्हती. 'ज्युबिली' म्हटलं की तो दुसरीकडे बघायचा. चीज दाखवून महिनाभर शिकवलं. ख्रिसमसपर्यंत तो ज्युबिलीला ओ द्यायला लागला. चीज दाखवल्यावर तो कशालाही ओ द्यायचा, पण तेवढं पुरे होतं.

खरी भीती टेगनची होती. कोराली आजारी असताना तीच रोज दुपारी ज्युबिलीला कडेवर घेऊन बागेत फिरवून आणायची. बाकीच्यांची कुत्री ती वर्षातून एकदाच जवळून बघायची. ज्युबिलीला ती ओळखत होती.

जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, ती फॉर्म घेऊन आली. अडतीस डिग्री ऊन. नोलीन आणि मर्व्ह सहज आल्यासारखे आधीच येऊन बसले होते. मी ब्रूटसला छातीशी घट्ट धरून उभा.

"अगंबाई, किती तरतरीत दिसतेय ज्युबिली!" टेगन म्हणाली.

"डेस तिला सार्डिन घालतो," नोलीन म्हणाली.

टेगनने हात पुढे केला. ब्रूटसने तो मनगटापर्यंत चाटला.

"ही मला कधी चाटायची नाही."

"म्हातारपणी स्वभाव बदलतो," मर्व्ह म्हणाला. "माझाही बदलला."

"कुठे बदललाय?" नोलीन म्हणाली.

तेवढ्यात ब्रूटस माझ्या हातातून निसटला. टुणकन खाली उतरला, खिडकीतल्या नेच्याच्या कुंडीपाशी गेला, मागचा पाय वर केला आणि सावकाश, मनसोक्त कार्यक्रम उरकला. तो आवाज तेवढा येत होता.

"संधिवात," मर्व्ह म्हणाला. "पाय आखडतो बिचारीचा. मधून मधून वर करावा लागतो."

"काहीतरी गार देते हं सगळ्यांना," नोलीन घाईने उठली.

"बसा तुम्ही, गुडघा दुखतो ना. मी घेते बर्फ," टेगन म्हणाली आणि तिने फ्रीझर उघडला.

नोलीनने डोळे मिटले.

"डेस," टेगन आतूनच म्हणाली, "तुम्हाला कोळंबी चालत नाही. तुमच्या फॉर्मवर लाल अक्षरात आहे. क्लबात एक खाल्लीत तेव्हा अँब्युलन्स मी बोलावली होती."

"माझी आहे ती," मर्व्ह म्हणाला.

"वर 'डेस' लिहिलंय."

"मला फ्रीझर नाही."

"तुमच्याकडे दोन आहेत, मर्व्ह."

पिशवीच्या कोपऱ्यातून निळी लोकर दिसत होती. तो स्वेटर तिने कोरालीच्या अंगावर वर्षभर बघितला होता. तिने पिशवीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि फ्रीझर लावला.

"कधी?"

"नोव्हेंबरात."

"त्रास झाला का तिला?"

"नसावा. झोपेत गेली. कोरालीच्या खुर्चीत."

"माझ्या बहिणीकडे का नाही नेलंत?"

"तुझी बहीण आहे म्हणून."

ती हसली आणि हसता हसताच तिने मनगटाने नाक पुसलं. ब्रूटस आता तिच्या पायाशी बसला होता. मी त्याला उचलून घेतलं.

"टेगन," मी म्हणालो, "ह्याला परत पाठवायचं असेल तर आज नको. आज ऊन फार आहे."

ती खुर्चीत बसली. फॉर्म मांडीवर ठेवून पेनाचं टोपण काढलं.

"मी ज्युबिली गेली असं लिहिलं तर मला स्किपरचंही लिहावं लागेल," ती म्हणाली. "हो नोलीन, दात मलाही दिसतात. आणि कर्नलचं. कागदावर एकतीस वर्षांचा पग आहे माझ्याकडे. सहा वर्षं मी त्यावर सही करतेय. ब्रिस्बेनच्या हेड ऑफिसातले साहेब विचारतील, बाई, तू तिथे करत काय होतीस?"

"एकतीस?" मर्व्ह म्हणाला. "माझ्या हिशेबाने तीस."

"तुम्ही गप्प बसा, मर्व्ह."

तिने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "ज्युबिली, मादी, वय पंधरा, प्रकृती उत्तम." सही केली. मग माझ्या कडेवर बघून विचारलं, "खरं नाव काय ह्याचं?"

"ब्रूटस," मी म्हणालो. नाव ऐकल्याबरोबर त्याने माझ्या हातातून तिच्या मांडीवर उडी घेतली. चीज न दाखवता.

जाताना ती दारात थांबली. "ब्रिस्बेनहून कुणी आलं तर उचलून धरा ह्याला. खाली सोडलात तर नोकरी माझी जाईल. आणि त्या कोळंबीचं ईस्टरच्या आत बघा, डेस. बहिणीला मी सांगून ठेवते. कागद ऑफिसात येणार नाही."

ईस्टर होऊन गेला. बहिणीचा दोनदा फोन आला, फार बोलली नाही, कधीही घेऊन या म्हणाली. आता कुणी अडवत नाही. नोलीन गाडी काढायला तयार आहे. मर्व्ह कर्नलला घेऊन खडकांपर्यंत सोबत येतो म्हणतो. ब्रूटस सकाळी किटलीवर भुंकायला लागलाय, हे त्याला मी शिकवलेलं नाही.

कोरालीच्या राखेची पेटी कपाटात वरच्या फळीवर आहे. ज्युबिली फ्रीझरमध्ये आहे. बारगाराला मी अजून गेलेलो नाही.