मिस्टर सुरतेला असतात

वैजयंतानं खरं सांगितलं की भाड्याच्या खोलीचं छत खाली यायचं. पहिल्या खोलीत मालकीणबाईंनी विचारलं, मिस्टर कुठे असतात? ही म्हणाली, नवरा मारायचा, म्हणून लेकीला घेऊन घर सोडलं. छत सरळ डोक्याला टेकलं. बाई वाकून बाहेर पडल्या आणि म्हणाल्या, जागा तुम्हाला अडचणीची होईल हो. दुसऱ्या खोलीत छत कमरेपर्यंत आलं. तरी ही म्हणे, चालेल, आम्ही बसून राहू. तर तिथल्या मालकांनी चारित्र्याचा दाखला मागितला. मार हिनं खाल्ला आणि दाखलाही हिनंच आणायचा! डोकं फिरेल नाही तर काय?

भावाकडे राहून झालं होतं, वहिनीनं तोंड वाकडं करून झालं होतं. लहानग्या गार्गीची शाळा बुडत होती. तिसऱ्या खोलीत वैजयंता वैतागून म्हणाली, "मिस्टर सुरतेला असतात. सुट्टी मिळाली की येतील."

छत वर गेलं. अगदी हात पुरणार नाही इतकं. घरमालकीण चौगुलेकाकूंनी किल्ली दिली, शिवाय चहाही पाजला.

मग काय, शेजारणी विचारत राहिल्या आणि ही सांगत राहिली. मिस्टरांना बढती मिळाली म्हटलं, भिंतीत खिडकी उघडली. रोज फोन येतो म्हटलं, मागं मोरी झाली. लेकीवर फार जीव आहे त्यांचा म्हटलं, आत आणखी एक खोली निघाली. गार्गी दोन्ही खोल्यांतून हुंदडायची. वैजयंताला मात्र स्वतःचीच चीड यायची. अहो, ज्याच्यापासून जीव घेऊन पळाली, त्याचेच गोडवे गायचे, तेव्हा कुठं पाठ टेकायला जागा!

एका दुपारी आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

"पाणी आण."

आवाज चांगलाच ओळखीचा होता. गार्गी उभ्या जागी मुतली.

चौगुलेकाकू दारातून डोकावल्या. "आले वाटतं मिस्टर? बरं झालं बाई," म्हणाल्या, आणि त्यांनी दार बाहेरून लावून घेतलं.

वैजयंतानं गार्गीला फरशीवर पालथं झोपवलं. स्वतः शेजारी आडवी झाली, तिच्या पाठीवर हात ठेवला, गाल फरशीला टेकवला. आणि अगदी पहिल्या थपडेपासून सगळं खरं मोठ्यानं सांगायला लागली. दोन्ही खोल्यांचं छत करकरत खाली यायला लागलं. आतल्या खोलीत तो अजून उभाच होता.