भिंतीकडे तोंड केलेले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीवर चालणारे भिंतीवरचे घड्याळ आहे. माझी पाठ जळून कोळसा झाली आहे, चेहरा मात्र जवळजवळ तसाच आहे. त्याचे कारण ऐका.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पुढे तीस वर्षे मी जमिनीच्या कचेरीत टांगलेले होते. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे मला वचकून असत! मला रोज किल्ली द्यायची ती टायपिस्ट ताई. ती गावाबाहेर वसलेल्या पंथातली. गुरूच्या कामात वेळ बघायचा नाही, असा त्यांचा नेम होता, म्हणून काम सुरू करण्याआधी ते लोक घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवत. पंथाने जमिनी बळकावल्याच्या तक्रारींनी आमचे कपाट गच्च भरले होते.

एका शनिवारी ताईने रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकांना विचारले, "काका, उद्या येणार नाही ना तुम्ही?"

"सुट्टीच्या दिवशी कोण मरायला येतंय इथे!" काका हसले.

रविवारी भर दुपारी ताई मागच्या दाराने रॉकेलचा डबा घेऊन आली. गुरूचा हुकूम होता. स्टुलावर चढून तिने सवयीने मला फिरवले. नंतर मला फक्त ऐकू आले. काडी ओढल्याचा आवाज, तिची पळती पावले आणि मग रेकॉर्डच्या बंद खोलीतून खोकला. माझा टोला पडायला अजून वीस मिनिटे होती. मी ओरडणार तरी कसे?

"हे उलटं कुणी टांगलं?" दुसऱ्या दिवशी फौजदाराने विचारले.

"साहेब, असं करणारं कचेरीत एकच माणूस आहे," शिपाई म्हणाला.

जिने मला चालते ठेवले, तिलाच मी पकडून दिले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

कोर्टात काकांच्या मागे राहिलेल्या काकू साक्षीला उभ्या राहिल्या. "या पंथाच्या बाईला कामावरून काढा, म्हणून गावाने अर्ज केला होता. पोरगी प्रामाणिक आहे, असं वर लिहून कळवायचं होतं यांना. तिचेच जुने कागद शोधायला गेले होते हो!"

ताईने आरोपीच्या पिंजऱ्यातून काकूंना हात जोडले.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी म्हणणार नाही. हुकूम कितीही मोठ्या माणसाचा असो, आधी आतल्या दाराशी जा आणि हाक मारा. ताईने नुसते "काका" म्हटले असते, तर काकांनी ओ दिली असती.