पालथा

नूबियाने प्रेताच्या डोक्यापाशी आकड्याची पिवळी पाटी ठेवली, पायापाशी दुसरी, आणि विल्फ्रिदोला फोटो घ्यायची खूण केली. वाळूच्या अंगणात रोसेन्दो उताणा पडला होता, छातीत सुरीचा घाव.

"चमत्कारच म्हणायचा, ताई," विल्फ्रिदो कॅमेऱ्याआडून म्हणाला. "अजून कुणी पालथा नाही केला याला? शहाणं झालं की काय गाव?"

नूबियाच्याही मनात तेच आलं होतं. माग्दालेना नदीकाठी खून झाला की पोलिसांच्या आधी घरचेच धावतात आणि प्रेत पालथं करतात. मेलेला पालथा असला की मारणाऱ्याचे पाय जखडतात म्हणे, त्याला पळता येत नाही. पाय जखडोत न जखडोत, तपासाचं मात्र वाटोळं होतं! आयाबायांपुढे डोकं फोडून नूबिया थकली होती. आता तिला राग येत नसे.

उंबऱ्यावर रोसेन्दोची आई बसली होती, दोमितिला. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"मावशी, कुणी हात लावला का याला?"

"नाही."

"घरात आणखी कोण असतं?"

"थोरला. एलिएसर. पहाटेच्या होडीनं शहरात गेलाय, मासे विकायला."

नूबिया प्रेतावर वाकली. रोसेन्दोच्या ओठांना वाळू चिकटली होती. पापण्यांना, कपाळाला, शर्टावरच्या रक्तालासुद्धा. उताण्या माणसाच्या तोंडाला वाळू कशी लागेल? म्हणजे कुणीतरी त्याला रीतीप्रमाणे पालथं केलं होतं, आणि नंतर पुन्हा उताणं. तिने ती वाळू कागदी पाकिटात घेतली, पाकीट बंद केलं, वर आकडा घातला. हात नेहमीसारखे चालत होते.

"पाठ बघायची राहिली," ती म्हणाली. "विल्फ्रिदो, खांदा धर. पालथा करू."

"नको!"

दोमितिला उठली ती धावतच आली आणि मुलाच्या छातीवर पडली.

"पालथा नको गं! पाया पडते तुझ्या, पोरी. एकदा केला होता मी, मला काय ठाऊक होतं... मला एकच उरलाय गं आता!"

कुंपणाबाहेर गावातल्या बाया जमल्या होत्या. कुणी कुणाकडे बघेना. विल्फ्रिदोने कॅमेरा खाली केला.

नूबियाचे हात रोसेन्दोच्या खांद्याखाली होते. ते तिने काढले नाहीत. पण जोरही लावला नाही.

"बाजूला व्हा, मावशी," ती हळूच म्हणाली. "होडी केव्हाच पोचली असेल."