एकोणपन्नासचा आकडा

बटण दाबलं की दिवा लागतो, विजेचं लोकांना एवढंच माहीत. ती सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, निदान हेलकावायला हवी, हे आमच्यासारख्यांना माहीत. मी लीलाधर. फैजपूरकडच्या एका उपकेंद्रात तेवीस वर्षं ऑपरेटर होतो. केळीच्या बागांवरचे पंप एकदम सुरू झाले की तो पन्नासचा आकडा घसरून अठ्ठेचाळीसवर यायचा, पंप बंद झाले की पुन्हा वर. मीटर बघायचं आणि दर तासाला तो आकडा रजिस्टरात लिहायचा, हे माझं काम.

माझी लेक कुमुद पुण्याकडे दुर्बिणीवर संशोधन करायची. ही दुर्बीण डोळा लावून बघायची नव्हे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती पकडते, म्हणून भर दुपारीही चालते. पंच्याण्णव साली फेब्रुवारीत, एका गुरुवारी, पोरगी न कळवता घरी आली. कमलबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, भरीत केलं, तर ही नुसती भाकरी कुस्करत बसली.

"काय झालं ते सांगशील का?" मी म्हणालो.

"आबा, मला एक तारा सापडलाय. पण आमचे मार्गदर्शक सर म्हणतात, तो तारा नाही, आपल्याकडची वीज आहे."

मग तिने समजावून सांगितलं. लाखो ताऱ्यांचा एक दाट गुच्छ आहे. त्यात एक मेलेला तारा, आकाराने आपल्या तालुक्यापेक्षा लहान, पण स्वतःभोवती असा गरगर फिरतो की विचारू नका. प्रत्येक फेरीला त्याचा एक ठोका आपल्यापर्यंत येतो. अशा ताऱ्याला पल्सर म्हणतात. हिच्या पल्सरचे ठोके सेकंदाला एकोणपन्नास भरत होते. आता घ्या, आपली वीजही घसरली की तेवढीच, आणि तिची गुणगुण दुर्बिणीत शिरते.

"पण वीज कुठली एका आकड्यावर राहते?" मी विचारलं.

"हेच मी म्हटलं. माझा ठोका दोन तासांत तसूभर हलला नाही. सर म्हणाले, त्या वेळी वीज हलत होती याचा पुरावा आण." तिने ताट बाजूला सारलं. "पुन्हा तपासायच्या ताऱ्यांची यादी सोमवारी जायचीय, आबा. यादीत नसेल तर दुर्बीण पुन्हा त्या गुच्छाकडे वळणार नाही. माझी दोन वर्षं गेली यात."

मुख्य कार्यालयाकडे आकडे मागायचे तर अर्ज, शिक्के, महिनाभराची वाट. पण पोरीने डोकं चालवलं होतं. विजेचं जाळं सगळं एकच, त्यामुळे पुण्याला जो आकडा तोच त्या क्षणाला फैजपूरला. तिने ठोका पकडला ती वेळ अकरा जानेवारी, सकाळी अकरा ते दुपारी एक. ड्यूटी माझीच होती.

खरं सांगतो, माझी छाती फुगली. उभ्या आयुष्यात माझ्या रजिस्टराची कोणाला गरज पडली नव्हती. मी सायकल काढली, साहेबांना विचारलं आणि जानेवारीचं रजिस्टर घेऊन आलो.

कुमुदने पान उघडलं. अकरा वाजता ४९.०. बारा वाजता ४९.०. एक वाजता ४९.०.

तिने तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे सरांचंच बरोबर. वीज हललीच नाही." आणि तिने आपल्या वहीत त्या ताऱ्यावर रेघ मारली.

अकरा जानेवारीला माझ्या शेतात केळीची कापणी होती, ट्रक येऊन उभा होता. मदतनिसाला बसवून मी दोन-तीन तास सटकलो होतो. परत येऊन एका दमात तिन्ही रकाने भरले. त्यात विशेष काही वाटायचंही नाही, एकोणपन्नास कधीही खपायचा. आणि माझी लेक त्या आकड्यावर स्वतःचा तारा खोडत होती, कारण अक्षर तिच्या बापाचं होतं.

मी मागच्या दारी गेलो, उगाच हात धुतले. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? परत आलो आणि म्हणालो, "ते आकडे खोटे आहेत. मी तिथे नव्हतो."

तिने वर बघितलं. "असं किती वेळा?"

"बऱ्याचदा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "खरे आकडे कुठे मिळतील?" एवढंच तिने विचारलं.

मिळणार होते, पण जिवावर आलं. धुळ्याकडच्या एका उपकेंद्रात अभिमन होता, माझ्या बरोबरीचा. दर तासाला लिहायचा आकडा हा माणूस दर पाव तासाला लिहायचा. दर मिटिंगला मी त्याला 'काय, ज्योतिषीबुवा' म्हणून चिडवायचो, सगळे हसायचे. शुक्रवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलो. माझं रजिस्टर का चालत नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं.

अभिमन हसला नाही. कपाट उघडत म्हणाला, "बठ्ठं लिखेल शे. देखी ले." खरंच सगळं लिहिलेलं होतं, पाव-पाव तासाचं.

४८.४, ४८.९, ४९.४, ४८.६. वीज नुसती वर-खाली नाचत होती. कुमुदचा ठोका त्या सबंध वेळात जागचा हलला नव्हता, म्हणजे तो विजेचा नव्हता. सोमवारी तारा यादीत गेला. मे महिन्यात दुर्बीण पुन्हा तिकडे वळली, तर पठ्ठ्या तिथेच, त्याच गतीने फिरत होता. मी गावभर पेढे वाटले.

पण पेढ्यांपेक्षा मला धुळ्याचं ते टेबलच जास्त आठवतं. आकडे उतरवून घ्यायचे होते. मी रजिस्टरातून वाचत होतो, कुमुद लिहीत होती. लहानपणी ती माझ्याजवळ पाढे लिहायची ना, तशीच बसली होती. पण आता मी एक आकडा वाचला की ती मान वाकवून रजिस्टरात स्वतः बघायची आणि मगच लिहायची. तिच्या ते लक्षातही नसावं. नऊच्या नऊ आकडे तिने असेच लिहिले. मी वाचत राहिलो.