भेगांवरची चमक

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. गाडी चमकवायला आणून कोणी म्हणालं, "स्टिअरिंगलाही पॉलिश मारा थोडं," की मी फडकं त्याच्याच हातात देतो. अरे बाबा, हात सटकला तर भिंतीत जाशील. डॅशबोर्ड, दारांच्या आतली बाजू, बंपरचं काळं प्लास्टिक आणि टायरच्या कडा, एवढ्यालाच ते दुधाळ पॉलिश लावायचं. स्पंजने, पातळ, आणि मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. मग उन्हाने प्लास्टिक पांढरं पडत नाही.

आणखी एक माझा हट्ट. टायरच्या कडेला भेगा दिसल्या, तर त्या टायरला मी बोट लावत नाही. काळं केलं की भेगा झाकल्या जातात आणि मालक निर्धास्त होतो. त्यामुळे माझ्याकडून तीन टायर चकचकीत आणि एक भुरकट अशाही गाड्या बाहेर पडायच्या. लोक हसायचे, मग गुपचूप टायर बदलून यायचे. होता होता आमच्या भागात जुनी गाडी घेणारे आधी हेच विचारायला लागले, टायर कोणी केलेत? मी केलेत म्हटलं की खाली वाकूनही बघायचे नाहीत. या गोष्टीची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, त्याची दहा वर्षांची गाडी घेऊन आला. पुढच्या दोन्ही टायरांना भेगाच भेगा. मी म्हटलं, "हे दोन राहू देतो."

"नवे सांगितलेत रे, परवा येतील. पण उद्या तुझ्या वहिनीच्या माहेरी जायचंय. तिच्या भावांपुढे गाडी भिकार दिसायला नको. एवढं कर माझ्यासाठी."

केलं. सख्ख्या भावाची काय उलटतपासणी घ्यायची?

तीन आठवड्यांनी पंक्चरवाला एक फुटलेला टायर घेऊन आला. "हा तुझाच हात ना?" कडा अजून काळीभोर होती. मागच्या गल्लीतल्या नर्सबाईंनी जुनी गाडी विकत घेतली होती, वळणावर टायर फुटला, गाडी भिंतीवर गेली आणि बाईंचं मनगट मोडलं. गाडी कोणाची, ते त्याने सांगायची गरजच नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच दादाकडे गेलो. तो जेवत होता.

"विकायचं आधीच ठरलं होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू लावलं असतंस का?" त्याने घास गिळला. "बाईंनी विचारलं, टायर कोणी केले. मी खरं तेच सांगितलं."

केसाने गळा कापला त्याने माझा, आणि वर भाजी वाढून घेतली. मी बाहेर पडलो. तो आता माझा कोणी नाही, हे तेव्हाच ठरलं.

तिथून थेट नर्सबाईंच्या दारात. याच बाईंनी मागे माझा भाजलेला तळवा आठवडाभर रोज बांधून दिला होता. आता त्यांचा हात प्लास्टरमध्ये.

"दादाने फसवलं हो," मी म्हटलं. "तुम्हालाही आणि मलाही."

त्यांनी शांतपणे विचारलं, "भेगा तुम्हाला दिसल्या होत्या?"

"दिसल्या होत्या."

"तुमच्या दादांना मी ओळखतही नव्हते," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला ओळखत होते."