कोंबड्यांचं बाळंतपण

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी घेते. श्रीमंतराव. यांनी जन्मात कधी माझ्या सर्दीला सुंठ उगाळून दिली नाही. पण यंदा पौषात पारा जरा घसरला आणि यांना घोर लागला तो कोंबड्यांचा. रोज सकाळी शेडच्या जाळीला तोंड लावून विचारायचे, "थंडी वाजती का गं माय?"

माय म्हणे! आमची खरी माय, म्हणजे लेक ऋतुजा, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे कंधारच्या मळ्यात आलेली. बारसं झालं तरी अंगात रक्त भरेना, दूध पुरेना, बाळ सारखं किरकिरतंय. यांचं तिच्या खोलीत येणं दिवसातून एकदा, तेही मोबाईलचं चार्जर शोधायला.

त्यातच लातूरहून महांतेश नावाचा एजंट उगवला. अंगात जाकीट, हातात पावडरची बरणी. बरणीवर बर्फात उभी असलेली गुबगुबीत कोंबडी.

"काका, थंडीत पक्ष्याला आतून ताकद लागती," तो म्हणाला. "बाहेरच्या देशात हेच चालतंय."

मी त्याला आम्लेट विचारलं तर म्हणे, आम्ही अंडं खात नाही. कोंबड्यांचा एवढा जाणकार!

यांनी पावडर सुरू केली, तीही बर्फाच्या देशाच्या मापानं. शेडला चारी बाजूंनी तरटं बांधली, आत दिवसाही बल्ब. आमच्याकडची थंडी सकाळपुरती. दुपारी मी पदरानं वारा घेत होते आणि आत कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या.

"बघ, निमोनिया झालाय," हे म्हणाले.

"आहो, उकडून राहिलंय त्यांना. तरटं काढा."

"तुला काय कळतंय? थंडी आत शिरली हाय."

कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं. यांनी पावडर वाढवली. बरणी संपली तेव्हा महांतेशनं फोन उचलणंही थांबवलं. मग यांनी स्वतःचं डोकं चालवलं, आणि तिथंच घात झाला. बाळंतिणीला जे उष्ण चालतं ते कोंबडीला का नको, असा तो विचार.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाला लाडू द्यायला डबा उघडला तर तळ दिसला. तुपात डिंक फुलवून, खारीक कुटून, गोडंबी घालून वळलेले लाडू होते ते. हाताला फोड आले होते माझ्या. शेडमध्ये जाऊन पाहिलं, तर खाद्याच्या भांड्यांत लाडवांचा चुरा, आणि कोंबड्या त्यातली गोडंबी निवडून खातायत.

मला रडू आलं, रागाचं. मी तिथंच आवाज चढवला.

"आगं, जनावर मुकं असतंय," हे शांतपणे म्हणाले. "ऋतुजाला बोलता येतंय. लागलं तर मागून खाईल."

खिडकीशी बाळाला घेऊन बसलेल्या ऋतुजानं ते ऐकलं. बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. माझी पोर लहानपणापासून तशीच, मागायचं म्हटलं की मान खाली.

सकाळी हे तिच्या खोलीत शिरले. मला वाटलं, चार्जर. पण हे वाकले आणि बाजेखालची शेगडी ओढली.

"दोन दिवस नेतो गं. शेडात गारठा लई हाय."

"न्या बाबा," ऋतुजा म्हणाली आणि बाळाला आणखी पोटाशी घेतलं.

त्या 'न्या'नं माझं डोकं फिरलं. हे शेगडी शेडात मांडून नवी बरणी आणायला नांदेडला गेले, तशी मी जिलानीला बोलावलं. गावातल्या सगळ्यांच्या कोंबड्या हा मुलाणीच कापतो.

"भाभी, कोनती धरू?"

"जिनं जास्त लाडू खाल्लेत ती."

त्यानं बरोबर सगळ्यात जाड तांबडी धरली. बारशानंतर आमच्यात बाळंतिणीला रस्सा चालतो. मिरी, आलं, थोडं खोबरं, बस्स. ऋतुजा वाटी तोंडाला लावून प्यायली. कपाळावर घाम आला. कित्येक दिवसांनी तिच्या गालांवर रंग पाहिला मी.

हे परतले ते थेट शेडात गेले आणि तिथून ओरडतच घरात आले. "तांबडी कुठं हाय?"

"ऋतुजाचे लाडू घेतले परत," मी म्हणाले. "जिच्या पोटात होते तिच्याकडून."

"आगं, पण मला विचारायचं तरी!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. "बाबा." ऋतुजानं रिकामी वाटी पुढं केली. "मला बोलता येतंय म्हणून मागते. उद्या दुसरी कापा."

हे बरणी धरून उभेच राहिले. बरणीवरची कोंबडीही तशीच, बर्फात.

"ती बरणी ठेवा," मी म्हणाले, "आणि शेगडी आणा."

गेले. शेगडी आणली, बाजेखाली सरकवली, निखारे फुंकले. मग मान वर न करता विचारलं, "थंडी वाजती का गं माय?"

एवढ्या दिवसांत लेकीला पहिल्यांदाच विचारलं. आवाज मात्र कोंबड्यांशी बोलायचा तोच.