घरात दहा

बाबा टेबलाच्या कडेने वाटाण्याचे दाणे मांडत होते. अंगठ्याने शेंग दाबायची, उघडली की त्यातला एक दाणा ओळीत ठेवायचा आणि बाकीचे वाडग्यात टाकायचे. प्रत्येक दाणा ठेवण्याआधी ते तर्जनीने मागची ओळ चाचपत, मग अंतर ठरवत.

"ही ओळ कुणाची?" तिने विचारलं. तिच्या खांद्यावर आठ महिन्यांची लेक होती आणि मोकळ्या हातात बाबांचा इस्त्री करायचा शर्ट.

"मार्टिनाची. फक्त विम्बल्डन. वरची स्टेफीची, सगळ्या मोठ्या स्पर्धांची. बावीस झाले आणि तिथे टेबल संपलं."

"सेरेनाचे तेवीस होतात."

"तुझ्या सेरेनाला मग जमिनीवर बसव."

ती हसली. हसता हसता तिने खालची ओळ मोजली. बाबांनी शेवटचा दाणा ठेवून हात झटकले तेव्हा तिने ती पुन्हा मोजली. दहा होते.

"बाबा, हे सगळं आज आकड्यांसकट बोलणार?"

"म्हणजे काय. समोर औषधवाले आहेत, स्टेफीची बाजू घेऊन. आकड्याशिवाय त्या माणसाला गोळीसुद्धा गिळता येत नाही."

कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या फळ्यावर आठवडाभर खडूने लिहिलेलं होतं: आजवरची सर्वश्रेष्ठ महिला टेनिसपटू कोण? रविवारी पाच वाजता. तीन वक्ते, प्रत्येकी दहा मिनिटं. बाबांनी स्वतःहून नाव दिलं होतं. आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. आणि औषधांच्या दुकानाचे मालक म्हणजे समोरच्याची एक चूक सापडली की वर्षभर पुरवून खाणारा माणूस.

बाबा आंघोळीला गेले. भिंतीला हात न लावता, नेहमीसारखे नऊ पावलांत. नळाचा आवाज सुरू झाल्यावर तिने ओळीच्या टोकाचा दाणा उचलला, क्षणभर मुठीत धरला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला. बाहेर आल्यावर ते ओळीवरून बोट फिरवतील, विचारतील, आणि मग सांगता येईल. आपणहून तोंड उघडण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं. लगेच स्वतःचीच लाजही वाटली.

मार्टिना विम्बल्डन नऊ वेळा जिंकली होती. साऱ्या जगात नऊ. दहा होती ती फक्त या घरात.

तिला ते कळलं तेव्हा ती चौथीत होती. शाळेतून मिळालेलं सामान्यज्ञानाचं पुस्तक नाचवत ती घरी आली, बाबांची चूक सापडल्याच्या आनंदात. आई गणवेशांच्या दुकानासाठी घरी शिवण करायची. ओठांत टाचण्या तशाच ठेवून आईने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, आधी नळ सोडला, मग एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या उशीला टोचली.

"शाळेत नऊ लिही," आई म्हणाली. "घरात दहा."

"पण का?"

मग आईने सांगितलं होतं. बाबा नकाशे काढायचे. नजर चार वर्षं विझत विझत गेली आणि शेवटी पूर्ण गेली, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची जागा होती, शिकवायलाही ते लोक तयार होते, पण बाबा हो म्हणेनात. त्यातच तिचा जन्म झालेला, तीन महिन्यांची, दिवसरात्र रडणारी. त्या शनिवारी अंतिम सामना होता. सदतीस वर्षांची मार्टिना, समोर पंधरा वर्षांनी लहान मुलगी. बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "ही बाई जिंकली, तर मी सोमवारी त्या टेलिफोनवर जाऊन बसेन."

सामना सुरू झाला आणि तेवढ्यात बाळाचा डोळा लागला. खोली एकच. आईने टीव्हीचा आवाज पार बंद केला, बाबांच्या कानाशी बसली आणि दिसेल ते कुजबुजत सांगायला लागली. तिला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, कोपऱ्यातले आकडे तेवढे वाचता येत होते. पहिला सेट गेला. दुसरा मिळाला. तिसरा सहा-तीन असा संपला. आईने आकडे खरेच सांगितले, नाव तेवढं बदललं.

"तू तीन तास सलग झोपली होतीस," आई म्हणाली होती, "पहिल्यांदाच. आणि हे उठून बसले होते."

सोमवारी बाबा नोकरीला गेले. दिवसभर आईची शिलाई वाकडी पडत होती. कचेरीत कुणीतरी बोलणार, एका वाक्यात सगळं फुटणार. संध्याकाळी बाबा आले आणि म्हणाले, खुर्ची बरी आहे, फोनची वायर जरा आखूड आहे. टेनिसचा शब्द काढला नाही. आईने श्वास सोडला. मग महिने गेले, वर्षं गेली. बाबा त्या खुर्चीवर सत्तावीस वर्षं बसले आणि घरात कुणी विषय काढला की "दहा वेळा" म्हणत राहिले. मायलेकी एकमेकींकडे बघत आणि भांडी घासायला लागत.

आता बघायला समोर कुणी नव्हतं.

बाबा केस पुसत बाहेर आले, पण टेबलाकडे वळलेच नाहीत. शर्टासाठी हात पुढे केला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

तेवढ्यात लेकीने ओठ काढले आणि भोकाड पसरलं.

"अंपायरबाईंनी निकाल दिला," बाबा म्हणाले. "उशीर होतोय म्हणतायत. चला."

रस्त्याने बाबांचा हात तिच्या कोपराला होता, लेक पुढ्यात झोळीत बांधलेली. सायकल दुरुस्तीचं दुकान बंद होतं, धोब्याच्या दुकानातून वाफेचा वास येत होता. वाचनालयाच्या दाराशी तिने पुन्हा धीर केला.

"बाबा, मार्टिना विम्बल्डन नक्की किती—"

"पायऱ्या किती, ते सांग आधी."

"सात."

"मग चढू या."

आत तीसेक माणसं होती. वर्तमानपत्रांची लांब टेबलं भिंतीला सरकवली होती. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली, लेक रडली तर पटकन उठता यावं म्हणून. खिशातला दाणा बोटांना लागत होता.

औषधवाले आधी बोलले. मुद्द्यांचा कागद चष्म्यापासून लांब धरून त्यांनी स्टेफीचे पहिल्या क्रमांकावरचे आठवडे, स्टेफीचे चषक, एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा आणि वर ऑलिंपिकचं सुवर्ण, असं सगळं वाचलं. "यापुढे वाद संपतो," म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली. मग एक कॉलेजातली मुलगी सेरेनासाठी उभी राहिली. पोटात मूल असताना स्पर्धा जिंकली, आई झाल्यावर चार अंतिम फेऱ्या गाठल्या, असं ती सांगत होती. दाराजवळ बसलेल्या तिला आपण मान डोलावतोय हे उशिरा लक्षात आलं.

बाबांचं नाव पुकारलं. त्यांनी टेबलाची कड शोधली आणि तिला पाठ टेकवून उभे राहिले.

"माझी अडचण अशी आहे," ते म्हणाले, "की मार्टिना मी भरपूर पाहिली, आणि बाकीच्या जास्त ऐकल्याच. त्यामुळे माझी तुलना फार न्यायाची नाही. औषधवाल्यांनी आकडे सांगितले. मला आकडे पाठ आहेत, पण मी या खेळाडूंना ओळखतो ते माझ्या बायकोच्या तोंडून. ती शिवणकाम करायची. ती म्हणायची, स्टेफीचा उजव्या बाजूचा फटका म्हणजे नवी कात्री, एकदा लावली की थेट दुसऱ्या टोकाला. आणि डाव्या बाजूने ती खालून धावदोरा घालते, सावकाश, समोरचीचा जीव जाईपर्यंत."

औषधवाले मान हलवत हसले.

"मोनिका म्हणजे ओली चादर पिळणारी, दोन्ही हातांनी. आणि सेरेना आली तेव्हा म्हणाली, अहो, हे घरगुती मशीन नाही. हे कारखान्यातलं. जीनचे चार थर एका दमात."

कॉलेजातल्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

"मार्टिनाबद्दल तिने मला कधी असं काही सांगितलं नाही. तिला वाटायचं, ती मी पाहिलेली आहे, मला काय सांगायचं. तिचं नववं विम्बल्डन मी पडद्यापासून वीतभर अंतरावर बसून पाहिलं. मला नीट दिसलेला तो शेवटचा सामना." बाबा थांबले. "नऊ वेळा जिंकली ती तिथे."

खुर्चीत तिचा हात खिशातच थांबला.

"दहाव्या विजेतेपदासाठी अंतिम फेरीत आली तेव्हा सदतिशीची होती. हरली. तिसऱ्या सेटमध्ये, सहा-तीन. माझ्यासाठी ती सर्वांत मोठी आहे ती त्या सामन्यामुळे. आता का, ते विचारू नका, माझी दहा मिनिटं झाली असतील."

मोजून सहा झाली होती. कुणी ते दाखवून दिलं नाही. टाळ्या वाजल्या, त्याने लेक दचकून जागी झाली आणि तिला बाहेर पायऱ्यांवर जावं लागलं. हात उंचावून कौल घेतला तेव्हा सेरेना जिंकली, स्टेफी दोन हातांनी मागे. मार्टिनाला चार मतं. त्यांतलं एक औषधवाल्यांचं होतं, असं नंतर ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेला बाबांनी पुन्हा तिचा कोपर धरला. धोब्याचं दुकान मागे पडलं.

"कधी कळलं तुम्हाला?" शेवटी तिने विचारलं. "कचेरीत?"

"कचेरीत सोमवारी कळलं. चहाच्या आधीच. एकाने सांगितलं, मग दुसऱ्याने." त्यांनी तिचा कोपर जरा घट्ट धरला, फुटपाथची कड आली होती. "पण मला शनिवारीच कळलं होतं."

"आईने तर—"

"तुझ्या आईने सगळं व्यवस्थित केलं. नंतर म्हणाली, आता सगळे उभे राहिलेत. आता ती हात हलवतेय. आता वाकली, थोडं गवत उपटलं, आणि जवळ ठेवून घेतलं." बाबा चालत राहिले. "जे दिसत होतं ते सांगत होती बिचारी. पण हातात चषक येणार असेल, तर माणूस आठवण म्हणून गवत कशाला नेईल?"

समोरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ते थांबले, ती गेल्यावर पुढे निघाले.

"मग तिला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आयुष्यात कधी चेंडूला हात न लावलेली बाई तीन तास माझ्या कानाशी बसली होती. घसा बसला होता तिचा." थोडं चालल्यावर ते म्हणाले, "आणि सोमवारी जायचं तर होतंच. मी शब्द दिला होता ना."

घरी पोचेपर्यंत लेक तिच्या खांद्यावर पुन्हा झोपली होती. तिने तिला अलगद पाळण्यात ठेवलं. बाबा बूट काढून टेबलापाशी येऊन बसले. दाणे तसेच होते, दुपारपेक्षा जरा सुरकुतलेले. त्यांनी खालच्या ओळीवरून तर्जनी फिरवली, टोकापर्यंत गेले, थांबले आणि परत पहिल्यापासून आले.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

तिने खिशातून दाणा काढला. त्याला कापडाचा एक बारीक धागा चिकटला होता. तो काढून तिने दाणा ओळीच्या शेवटी ठेवला. बाबांचं बोट येऊन त्याला टेकलं.

"आता झाले ना दहा?" तिने विचारलं.

"हळू बोल," बाबा कुजबुजले. "ती झोपलीय."